धुकं, दीपगृह आणि माझा न घाबरलेला डोळा

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आलो. बायकोने नेलं. (मी स्वतःहून जाणारच होतो, मार्चमध्ये.) डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. चांगलाच पिकलाय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आंब्याबद्दल बोलावं तशा म्हणाल्या.

उजवा डोळा लहानपणापासून आळशी. त्याला फक्त मोठी अक्षरं दिसतात, तीही त्याची इच्छा असेल तर. म्हणजे आजवरची नोकरी, संसार आणि सगळे पिक्चर एकट्या डाव्याने सांभाळले, आणि आता सुरी त्याच्यावरच.

ऑपरेशन नऊ-दहा मिनिटांचं, टाका नाही, भूल फक्त थेंबांची. मी विचारलं, पण मी झोपलेलाच असेन ना? तर म्हणाल्या, छे, जागे असाल. दिव्याकडे बघत राहायचं आणि हलायचं नाही.

मी अजिबात घाबरलो नाही. खाली बसलो, पण खुर्ची होती म्हणून बसलो. पाणी मागितलं ते तहान लागली म्हणून. तारखेबद्दल कळवतो असं सांगणार होतो, तेवढ्यात बायकोने वीस तारीख घेऊन टाकली.

४ फेब्रुवारी, रविवार

आज 'नऊ मिनिटांचा उजेड' चौतिसाव्यांदा पाहिला. असा युद्धपट पुन्हा झाला नाही.

इथे एकदा नोंद करून ठेवतो, म्हणजे भाषणाला उपयोगी पडेल. शत्रूने दीपगृह विझवलेलं. नऊशे सैनिक होड्यांतून परत येतायत आणि वाटेत सगळे खडक. पाच जणांनी दीपगृहात शिरायचं, एकशे नव्वद पायऱ्या चढायच्या आणि बरोबर नऊ मिनिटं दिवा लावायचा. वरच्या मजल्यावर शत्रू. सगळ्यांत पुढे कॅप्टन. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. मी आयुष्यात कोणाचा आदर्श ठेवला असेल तर त्याचा.

जिन्याच्या प्रसंगाला नेहमीप्रमाणे चहा टाकायला उठलो. तो प्रसंग मला तोंडपाठ आहे, बघायची गरजच नसते. चहा होईपर्यंत दिवा लागतो.

या पिक्चरचा आत्मा म्हणजे धुकं. दोन वर्षांपूर्वी कन्येने वाढदिवसाला नवी डिस्क दिली, तेव्हापासून तर ते फारच सुंदर उतरलंय. जुन्या प्रिंटमध्ये हे नव्हतंच. समुद्रावर धुकं, जिन्यात धुकं, सेनापतीच्या बंद खोलीतसुद्धा धुकं. दिव्याभोवती केवढं मोठं कडं! नवी प्रिंट काढणाऱ्यांचे पाय धरावेत.

सतरा तारखेला वसाहतीच्या चित्रपट मंडळात हा पिक्चर दाखवणार आहेत. आधी माझं वीस मिनिटं भाषण. विषय ठरला: 'युद्धपटातील धुक्याचं सौंदर्य'.

निश्चय: भाषण दहा तारखेपर्यंत तयार. ऑपरेशनचा विचार करायचा नाही. कॅप्टनसारखं वागायचं.

६ फेब्रुवारी

भाषणाचं शीर्षक लिहिलं. खाली रेघ मारली. ऑपरेशनचा विचार केला नाही, फक्त सकाळी, दुपारी आणि आंघोळ करताना थोडा आला.

७ फेब्रुवारी, फॅक्टरीतून आल्यावर

दिवस वाईट. मी रंगाच्या फॅक्टरीत शेड मॅचिंगला आहे. बाकीचे लोक शेडकार्ड शेजारी धरून रंग जुळवतात. मला तशी गरज पडत नाही. एकतीस वर्षांचा डोळा आहे. डब्यात बघायचं, टिंटरचे, म्हणजे दाट रंगाचे, दोन थेंब टाकायचे, झालं. नव्या मुलांना मी सांगतो, कार्डाकडे काय बघता, रंगाकडे बघा.

आज एका शाळेच्या क्रीम रंगाची अख्खी बॅच परत आली. रंगारी म्हणतो, साहेब, भिंती निळ्या झाल्यात, मुलांना थंडी वाजतेय. मुख्य केमिस्टबाईंनी रंग मोजायच्या मशीनखाली नमुना धरला. मशीन म्हणालं, निळा जास्त. मी म्हणालो, मशीन येऊन सहा महिने झाले, त्याला अनुभव काय? शिवाय ट्यूबलाइट बदलल्यापासून सगळंच पिवळट दिसतं. केमिस्टबाई म्हणाल्या, ट्यूबलाइट बदललेली नाही.

मागून कोणीतरी अंगण वाकडं असल्याबद्दल पुटपुटलं. मी ऐकलं नाही.

बाई केबिनमध्ये बोलावून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, एकदा डोळे दाखवून घ्या, तोवर मॅचिंग मशीनवर करू. मऊ आवाजाचीच भीती वाटते. मला रंगाशिवाय दुसरं काही येत नाही. डोळा असाच ठेवला तर नोकरी जाणार, आणि ऑपरेशनला दिला तर कदाचित डोळाच.

हे वाक्य नंतर खोडायचं.

८ फेब्रुवारी

मेव्हणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. जमिनी मोजायचं काम करतो आणि सवयीने बाकी सगळंही मोजतो, म्हणून घरात त्याचं नाव मोजपट्टी. त्याने 'नऊ मिनिटांचा उजेड'मधल्या चुका मोजल्यात. तेवीस. कागदावर क्रमांक घालून लिहिल्यात आणि सतराला माझ्या भाषणानंतर मंडळात वाचून दाखवणार आहे.

नमुने: विमानं तारांवर लटकलेली दिसतात. वल्ही मारणाऱ्याच्या हातात पुढच्या काळातलं घड्याळ आहे. शत्रूचा तोच जाडा सैनिक तीन वेळा मरतो, तिसऱ्यांदा तर मरायच्या आधीच डोळे मिटतो. नऊ मिनिटांचा दिवा प्रत्यक्षात चौदा मिनिटं जळतो.

मी शांतपणे सांगितलं की चौतीस वेळा पाहूनही मला एक तार दिसलेली नाही. ज्याच्या मनात तारा त्यालाच त्या दिसतात. त्याने लगेच विमानांचा प्रसंग लावला, टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवलं आणि म्हणाला, भावोजी, ही बघा. मी म्हणालो, धुक्यात कसली तार? तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग बायकोने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं, आणि तिथे दोघं बराच वेळ अगदी हळू आवाजात बोलत होती.

हरला, दुसरं काय.

१० फेब्रुवारी, सकाळी

ऑपरेशनच्या दिवशी डोळा उघडा ठेवता यायला हवा म्हणून सराव सुरू केला. साधं उकळून गार केलेलं पाणी, ड्रॉपर, बायको. दहा थेंब. निकाल: डोळ्यात शून्य, कानात दोन, उशीवर सहा, बायकोच्या चष्म्यावर एक. दहावा थेंब पडायच्या आधी मी पलंगावरून खाली होतो.

बायको म्हणाली, अहो, हे पाणी आहे. मी म्हणालो, पाणी आहे ते मला माहीत आहे, डोळ्याला माहीत नाही.

भाषण अजून शीर्षकापाशीच. पण शीर्षक पक्कं आहे.

१० फेब्रुवारी, दुपारी

पुन्हा सराव. या वेळी कन्येने डोकं धरलं. तिच्या हनुवटीला माझं डोकं लागलं. सराव स्थगित.

१२ फेब्रुवारी

दवाखान्यात फोन केला. काही शास्त्रीय शंका होत्या, म्हणून. फोनवरच्या बाईंना विचारलं, ऑपरेशन चालू असताना डॉक्टरीणबाईंना शिंक आली तर? बाई म्हणाल्या, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, विचारून सांगते. अर्ध्या तासाने त्यांचा फोन. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या हसल्या.

हे उत्तर नव्हे. शिवाय हसताना हात हलतो.

लगेच सांगितलं की मला खोकला आहे, वीस तारीख जमणार नाही. खोकूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, बरं, तुमच्या मिसेसनी सकाळीच फोन करून सांगितलंय की तुम्ही खोकाल.

एकतीस वर्षांच्या संसारात माणूस माणसाला असा ओळखत असेल तर त्याला राहायचं तरी कुठे?

१३ फेब्रुवारी

काही नाही.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

काल 'काही नाही' लिहिलं ते खरं नाही. काल फॅक्टरीच्या जिन्यावर पडता पडता वाचलो. शेवटची पायरी मला दिसली नाही. म्हणजे पायरी संपली असं वाटलं आणि ती होती. पाय अधांतरी गेला, रेलिंग हाताला लागलं म्हणून निभावलं. खाली उभ्या असलेल्या वॉचमनने ते पाहिलं. तो आज त्या पायरीच्या कडेला माझ्याच फॅक्टरीच्या पिवळ्याजर्द रंगाचा पट्टा मारून बसलाय. कोणासाठी मारला, विचारलं नाही.

रोज डोळे मिटल्यावर तेच दिसतं. उघड्या डोळ्यासमोर सुरी येतेय आणि मला पापणी मिटता येत नाही. आणि मग काळोख, कायमचा. आळशी डोळ्यावर जगायचं म्हणजे आळशी भाच्याच्या घरी राहायला जाण्यासारखं आहे. तो हाकलणार नाही, पण बघणारही नाही.

बायको म्हणाली, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हजारो लोकांची होतात ही ऑपरेशनं. होत असतील. पण त्यांच्याकडे दोन डोळे असतात.

१६ फेब्रुवारी

भाषण पूर्ण! एका बैठकीत लिहिलं, अकरा पानं. मोठ्या अक्षरात आहे म्हणून अकरा. शेवटचं वाक्य: 'हे धुकं नसतं, तर या पिक्चरमध्ये काय उरलं असतं?' टाळ्या इथेच पडणार.

मोजपट्टीचे तेवीस मुद्दे या एका वाक्याने वाहून जातील.

१७ फेब्रुवारी, रात्री जेवणानंतर

वाचनालयाचा हॉल. चाळीस माणसं. बायको आणि कन्या तिसऱ्या रांगेत, मोजपट्टी कडेला, खिशात कागद.

भाषण उत्तम झालं. पंचवीस मिनिटं बोललो. सेनापतीच्या खोलीतलं धुकं हे त्याच्या मनातलं धुकं आहे, हा मुद्दा मांडला तेव्हा हॉलमध्ये शांतता पसरली. कन्येने मान खाली घातली होती. मला वाटलं भारावली असेल.

मग पिक्चर. मी कडेला उभा राहून लोकांचे चेहरे बघत होतो, म्हणजे त्या दिशेला बघत होतो. जिन्याच्या वेळी बाहेर पाणी प्यायला गेलो.

दिवे लागले. मंडळाच्या अध्यक्षा निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्या उठल्या आणि खरंच कुतूहलाने विचारलं, पिक्चर फार आवडला, पण धुकं कोणत्या भागात होतं? मागून एकजण म्हणाला, मीपण वाट बघत होतो. कोणीतरी हसलं आणि मग लगेच थांबलं.

मी म्हणालो, अहो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अध्यक्षा म्हणाल्या, पण चित्र तर लख्ख होतं.

इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हॉलमधल्या ट्यूबलाइटभोवती केवढं मोठं कडं होतं. अध्यक्षांच्या चेहऱ्याभोवती धुकं होतं. हॉलमध्ये सगळीकडे धुकं होतं.

मग अध्यक्षांनी मोजपट्टीला बोलावलं. तो उठला. कागद खिशातून काढला, माझ्याकडे बघितलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाला, माझं काही नाही, पिक्चर चांगला आहे. आणि बसला.

त्याने तेवीसच्या तेवीस वाचल्या असत्या तर बरं झालं असतं. पायऱ्या उतरताना त्याने माझा दंड धरला. सोडायला सांगणार होतो, पण पायऱ्या बऱ्याच होत्या.

१८ फेब्रुवारी

कन्येला विचारलं. तिला वर्षभरापासून माहीत आहे. म्हणाली, बाबा, डिस्कच्या कव्हरवरच लिहिलंय, डाग आणि अंधुकपणा काढून स्वच्छ केलेली प्रिंट. मग सांगितलं का नाही, असं विचारलं. म्हणाली, दहा वेळा सांगितलं; तुम्ही म्हणालात, तुला धुक्यातलं कळत नाही.

म्हणजे दोन वर्षं मी ज्याचं कौतुक केलं ते माझ्या डोळ्यात होतं. अकरा पानं मोतीबिंदूवर लिहिली.

आता खरं लिहितो, कोणी वाचणार नाही म्हणून. मी घाबरलोय. पहिल्या दिवसापासून. कॅप्टन माझ्या जागी असता तर वीस तारखेला शीळ घालत गेला असता. मी चौतीस वेळा त्याला पाहिलं आणि त्यातलं थेंबभरही मला उचलता आलं नाही.

२० फेब्रुवारी, सकाळी ६.३०

शर्टाचं बटण तीनदा चुकीच्या काजात गेलं. बेत असा: टेबलावर झोपल्यावर मनात पिक्चर सुरू करायचा. होड्या, खडक, दार, जिना. मग नऊ मिनिटं दिवा. पिक्चर संपेल तेव्हा ऑपरेशनही संपलेलं असेल.

बायको विचारतेय, पायात हे काय घातलंय. वेगवेगळ्या जोडांतल्या दोन घातल्यात. मुद्दाम नाही.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी

आकशी डोळ्याने लिहितोय, म्हणून अक्षर असं. (आळशी. बघा, याला 'ळ'सुद्धा धड जमत नाही.) डावीकडे पट्टी.

जिवंत आहे. दुखलं नाही. तोंडावर कापड टाकलं, एक प्रचंड प्रकाश आला आणि पिक्चर सुरू करायचा राहून गेला. एकही फ्रेम आठवेना. होडी नाही, कॅप्टन नाही, कोणीच आलं नाही. फक्त शेजारी उभ्या असलेल्या नर्सचा हात होता. तो मी पकडला.

बाकीचं बायकोकडून कळलं, तिला नर्सने सांगितलं. मी संपलं का असं चौदा वेळा विचारलं. डॉक्टरीणबाईंना शिंकू नका असं दोनदा बजावलं. आणि नर्सला आई म्हणालो. नर्स पंचविशीची आहे. तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती, असंही कळलं.

हे सगळं थेंबांच्या औषधाचं. त्याने माणूस बडबडतो, असं कुठेतरी वाचलं होतं.

२१ फेब्रुवारी

पट्टी काढली.

पांढरा रंग पांढरा आहे! डॉक्टरीणबाईंचा कोट बघून मला रडूच आलं. डोळ्याला पाणी लावू नका असं त्या ओरडल्या. परत येताना बसची पाटी वाचली, औषधाच्या दुकानाची पाटी वाचली, पायऱ्या मोजल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या.

घरी आलो आणि दारातच थांबलो. हॉल निळा आहे. दीड वर्षापूर्वी मीच रंग जुळवून आणला होता, बदामी म्हणून. बायकोला विचारलं, निळा आहे हे तुला दिसलं नव्हतं? म्हणाली, पहिल्या हाताला सांगितलं होतं, तुम्ही शेडकार्डाकडे बघू नकोस म्हणालात.

तिचे कानाजवळचे केस पांढरे झालेत. कधी झाले ते विचारायचा धीर झाला नाही. बराच वेळ बघत बसलो. ती म्हणाली, असं काय बघताय, थेंबांची वेळ झाली. या वेळी थेंब पहिल्या फटक्यात डोळ्यात गेला.

२२ फेब्रुवारी

केमिस्टबाईंना फोन करून सांगितलं की पुढच्या महिन्यात येतो, आणि मशीन काढू नका, असू दे शेजारी. शेडकार्डही असू दे.

२५ फेब्रुवारी, रविवार

मोजपट्टीला बोलावून 'नऊ मिनिटांचा उजेड' पस्तिसाव्यांदा लावला. मी त्याला म्हणालो, काढ तुझा कागद.

धुकं कुठेही नाही. चित्र धुतल्यासारखं. आणि अरे देवा, तारा! विमानाला दोन-दोन. एक विमान तर वळताना तारेत अडकून मागे येतं. घड्याळ दिसलं. जाडा सैनिक तीनदा मेला. मी त्याला तिन्ही वेळा ओळखलं आणि तिसऱ्यांदा वाईट वाटलं. समुद्र एका हौदात आहे, मागे भिंतीचा कोपरा दिसतो. खडक पुठ्ठ्याचे आहेत; एकावर होडी आपटते आणि खडकच हलतो. ही चोविसावी. ती मला सापडली. मोजपट्टीने उठून माझा हात हातात घेतला आणि कागदावर लिहून घेतली.

मी त्याला विचारलं, एवढ्या चुका काढायला तू हा पिक्चर किती वेळा पाहिलास? तो म्हणाला, एकतीस. मग म्हणाला, भावोजी, न आवडणाऱ्या पिक्चरच्या चुका कोण मोजत बसतं?

जिना आला. मी सवयीने चहा टाकायला उठलो. बायको म्हणाली, बसा, चहा झालाय, हा घ्या. कप हातात. उठायला कारण उरलं नाही.

तर जिना पहिल्यांदा पाहिला. हो, पहिल्यांदा. अकरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर गेलो होतो, तेव्हा त्यांच्या शर्टात तोंड खुपसलं होतं, आणि पुढे प्रत्येक वेळी चहा.

कॅप्टन पुढे नाही. पुढे रेडिओवाला आहे, बुटका, टक्कल पडलेला, ज्याच्याकडे मी चौतीस खेळांत कधी लक्ष दिलं नाही. कॅप्टन त्याच्या मागे आहे. वरच्या मजल्यावर बुटांचा आवाज येतो तेव्हा तो डोळे घट्ट मिटतो. आणि सगळा वेळ, खालपासून वरपर्यंत, त्याने रेडिओवाल्याचा कमरेचा पट्टा मागून मुठीत धरलेला आहे. एकशे नव्वद पायऱ्या. वर पोहोचल्यावर दिवा त्यालाच लावायचा असतो, म्हणून मूठ सोडायला लागते. ती लगेच सुटत नाही. रेडिओवाला मागे न बघता त्याची बोटं एकेक करून सोडवतो.

मग दिवा लागतो. पुठ्ठ्याच्या खडकांवर उजेड पडतो आणि हौदातल्या होड्या पुढे निघतात, आणि मला रडू आलं. मोजपट्टीला पण. त्याने दिवा किती मिनिटं जळाला ते मोजलं नाही.

चोवीस चुकांसकट सांगतो, असा पिक्चर पुन्हा झाला नाही.

निश्चय: मंडळात पुन्हा भाषण द्यायचं. विषय: रेडिओवाला. आता कसलीही भीती म्हणून उरलेली नाही.

२८ फेब्रुवारी, दुपारी

तपासणी. डावा उत्तम. डॉक्टरीणबाईंनी सहज उजव्यात पण बॅटरी मारली. तोही पिकलाय. आळशी असला तरी काढलेला बरा, म्हणाल्या. वीस मार्च.

मी सांगितलं की त्या दिवशी फॅक्टरीत फार महत्त्वाचं काम आहे, आणि बहुतेक खोकलाही असेल. बायकोने वीस तारीख लिहून घेतली.

घरी येऊन मोजपट्टीला फोन केला. वीस मार्चला मोकळा आहेस का विचारलं. म्हणाला, आहे, येतो, काय आणू?

म्हटलं, काही नको. फक्त पट्टा घालून ये.